सुलभाच्या नावाचं ताट

डॉक्टर लांजेवार बाईंनी नवराबायकोचे दोन्ही अहवाल शेजारी-शेजारी ठेवले.

"देवतळे, तुमचं यकृत छान सुधारलंय. तुम्हाला नको असलेली अमिनो आम्लं तुमच्यासाठी बनवलेल्या ताटानं सहा वर्षं जेवणातून गाळून टाकली. पण सुलभाताईंना नेमकी तीच हवी होती. ती न मिळाल्यानं अंगावर मांस उरलं नाही आणि यकृतात चरबी साठली. त्यांच्या नावाचं ताट कुठंय?"

"कपाटात," रघुवीर देवतळे पुटपुटले. "नवंकोरं आहे. पाहुण्यांसाठी ठेवलंय तिनं."

"त्यांच्या यकृतासाठी बनवलेलं ताट, पाहुण्यांसाठी? मग जेवायच्या कशात?"

"माझ्याच ताटात. माझं झालं की. एक ताट कमी घासावं लागतं, म्हणायची."



संध्याकाळी देवतळ्यांनी ते ताट खोक्यातून काढलं, विसळलं आणि दवाखान्यात दाखल असलेल्या सुलभाकडे नेलं. डब्यातला वरणभात त्यांनी स्वतःच्या हातानं वाढला. ताटाच्या काठावर अक्षरं उमटली : 'सुलभा देवतळे. पहिलं जेवण.'

सुलभानं ती पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी दोनदा वाचली. मग ताट हळूच नवऱ्याकडे सरकवलं.

"अहो, आधी तुम्ही घ्या. मी मागून बसते."