वेकेसाची वही

"टीव्ही कित्ते घंटे चलता, चाचा?" वेकेसानं विचारलं.

"टीव्ही?" दत्तोबांनी डोळ्याची पापणीही लववली नाही. "हमारे घर में टीव्ही कोई देखताच नहीं."

नेमकी तेव्हाच कोपऱ्यातल्या शालीखालून मालिकेतली सासू कडाडली. दत्तोबांच्या सुनेनं, त्रिवेणीनं, घाईघाईत टीव्हीवर शाल टाकली होती, पण तो बंद करायचं राहूनच गेलं होतं. ती धावली आणि तिनं वायरच उपटली. वेकेसानं वहीत काहीतरी लिहिलं.

वेकेसा मूळचा केनियाचा. अंबरपेठेत दत्तोबांच्या माडीवर तो दोन वर्षं भाड्यानं राहत होता आणि विद्यापीठात पीएच.डी. करत होता. पूर्व आफ्रिकेतल्या शाळांमध्ये लहान मुलं अभ्यासात पुढं का जातात आणि मागं का पडतात, हा त्याचा विषय. प्रश्नावली गावी नेण्याआधी इथल्या एखाद्या घरात तपासून बघ, असं त्याच्या सरांनी सांगितलं होतं. दत्तोबांनी मोठ्या मनानं आपलंच घर देऊ केलं. आता तो मोठेपणा अंगाशी आला होता. त्यांची चौथीतली नात गौरी सहामाहीला गणितात नापास झाली होती, आणि वार्षिकला पास झाली नाही तर दुसरी शाळा बघा, असं शाळेनं बजावलं होतं. ही लाज केनियापर्यंत पोचणं दत्तोबांना मंजूर नव्हतं. म्हणून मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तसं घर आवरलं होतं. गौरीला नवा फ्रॉक घातला होता आणि तोंड उघडायचं नाही अशी तंबी दिली होती.

"स्कूल को जाते वख्त नदी पार करना पड़ता?"

"पड़ता ना. मूसी," दत्तोबांचा मुलगा विकास म्हणाला. "मलकपेठ को जाना है तो मूसी लगतीच. मगर ऑटो में. नाक पकड़ के."

"बच्ची बकरियां चराती?"

"बकऱ्या?" त्रिवेणी पुटपुटली. "प्यालेला गिलास उचलत नाही ही."

"घर में पढ़ाई कौन लेता?"

इथं दत्तोबांचं विमान उडालं. "सब! रोज सात से आठ. पूरा घर बैठता."

विकासला ठसका लागला. गौरी छताकडं बघू लागली. वेकेसाला मात्र फार आनंद झाला.

"बहुत अच्छा! तो मैं भी आ के बैठतौं, चाचा. खाली देखतौं."

आली का पंचाईत! पण जिभेनं सौदा केलेला, आता माल द्यायलाच हवा. दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला सगळं घर सतरंजीवर बसलं. सातला चार माणसं एकदम भांडतात तो बातम्यांचा कार्यक्रम लागायचा. दत्तोबा एक वेळ जेवण सोडतील, पण तो सोडत नसत. आता ते गौरीचं भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेऊन पेंगत होते. त्रिवेणी शेंगा फोडत होती. विकासनं पुस्तकात मोबाइल लपवला होता. दाराजवळच्या खुर्चीत वेकेसा लिहीत होता.

पाचव्या दिवशी विकासच्या मोबाइलची बॅटरी संपली. करमेना म्हणून त्यानं गौरीच्या वहीतला भागाकार करायला घेतला. तो चुकला. दत्तोबांनी डुलकी मोडून त्याची चूक काढली आणि स्वतः वेगळीच चूक केली. बरोबर उत्तर त्रिवेणीनं शेंगा फोडता फोडता सांगितलं. गौरी पोट धरून हसली. मग तिनं हळूच विचारलं, "मम्मी, बाकी कुठं लिहायची असते?" पोरीनं घरात गणिताचा प्रश्न विचारला तो पहिल्यांदाच.

असे दिवस चालले. संक्रांत झाली, शिवरात्र झाली. बातम्यांवाचून दत्तोबांचा जीव कासावीस व्हायचा. "और कित्ते दिन, भई?" असं त्यांनी एकदा विचारलंसुद्धा.

"थोड़ा बाकी है, चाचा," वेकेसा म्हणाला आणि लिहीत राहिला.

वार्षिकला गौरीला गणितात एकाहत्तर मिळाले. दत्तोबांनी गल्लीभर पेढे वाटले. डोकं आमच्याच घराण्याचं, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. वेकेसा प्रश्नावली घेऊन केनियाला गेला. जाताना ती वही मात्र गौरीला देऊन गेला.

त्याच संध्याकाळी सातला दत्तोबांनी टीव्हीवरची शाल काढली आणि पाय पसरले. विकास मोबाइल घेऊन बाहेर ओट्यावर गेला. टीव्हीवर ते चौघे भांडायला लागले. सतरंजीवर गौरी एकटीच बसली होती, पुढ्यात ती वही. आपल्या घराबद्दल यानं लिहिलं तरी काय, म्हणून दत्तोबांनी ती उचलली.

पहिली सात पानं भरगच्च होती. मग एक रेघ. त्यानंतर पानामागून पान बाजाराच्या याद्या. टमाटे, अंडी, मक्याचं पीठ. पुन्हा टमाटे. मधेच एका पानावर पेंगणाऱ्या दत्तोबांचं चित्र होतं, मिशांसकट.

"अगं, हा तर टमाटे लिहीत बसला होता!"

"त्यांचं काम एका हप्त्यातच झालं होतं, आबा," गौरी म्हणाली. "उद्यापासून येत नाही म्हणले. मीच म्हणलं, अंकल, रोज या अन् काहीबी लिहीत बसा. तुम्ही लिहायचं थांबले की हे लोक टीव्ही लावतेत."

दत्तोबांना लाज वाटली. केनियाची नव्हे, त्या नऊ वर्षांच्या पोरीची. टीव्हीवरचे चौघे भांडतच होते. ते उठले, त्यांनी वायर उपटली, पेन शोधलं आणि वही घेऊन दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

"त्रिवेणी! विकास! इकडं या," त्यांनी हाक मारली आणि कोरं पान उघडलं. "हां, सांगा. टीव्ही किती तास चालतो?"