पडद्याआड तीन नंबर

"पडद्यामागे कुणाचं कुणी आहे का?" संचालकांनी विचारलं. "असेल तर आत्ताच सांगा. नंतर बोंबाबोंब नको."

पियानोच्या बाईंनी नाही म्हणून मान हलवली. बाहेरगावचे पाहुणे परीक्षक नुसते हसले. तिसरे परीक्षक, व्हायोलिनचे मास्तर, चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

विद्यापीठाच्या कलाकेंद्रातलं मोठं सभागृह रिकामं होतं. रंगमंचावर काळा पडदा ओढला होता. त्याच्यामागे उमेदवार एकेक करून येणार, व्हायोलिन वाजवणार आणि जाणार. नाव नाही, चेहरा नाही, फक्त नंबर. बुटांच्या आवाजावरूनही कुणी ओळखू येऊ नये म्हणून खाली गालिचा अंथरला होता. वशिल्याला आळा बसावा म्हणून ही पद्धत मास्तरांनीच सगळ्यांशी भांडून इथे आणली होती. तेव्हा त्यांचा मुलगा शाळेत होता.

आज तोच मुलगा पडद्यामागे होता.

केंद्राच्या वाद्यवृंदात एकच जागा निघाली होती, कायमची. पुढच्या वर्षी मुलगा वयाच्या अटीत बसणार नव्हता. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

"मास्तर, आज वाजवणाऱ्यांबरोबर तुम्ही श्वास ओढू नका हं," बाई म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे वळल्या. "यांच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी यांचा श्वास ऐकू येतो, मग व्हायोलिन."

"अर्ध्या गावाला शिकवून झालं, आता कसली जाते खोड?" मास्तर म्हणाले. पाहुणे मोठ्यानं हसले. मास्तरांना हसू आलं नाही.

सकाळी मुलगा चहा न घेताच निघाला होता.

"सराव झालाय का?" त्यांनी विचारलं होतं.

"झालाय."

"कुठे? तीन वर्षांत घरात एक सूर ऐकला नाही मी."

"घरात तुम्ही असता ना, बाबा."

तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी शांतपणे बोलला.

लांब सूर धरण्याआधी नाकानं जोरात श्वास ओढायची त्याला लहानपणापासून सवय. त्यावरून मास्तरांनी त्याला किती झापलं होतं! शेजारच्या खोलीतून ओरडायचे, जेवताना टोचून बोलायचे. एकदा तर घरी आलेल्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "याच्यात ते नाहीच." त्यानंतर मुलानं मोबाइलच्या दुकानात नोकरी धरली. संध्याकाळी व्हायोलिनची पेटी घेऊन कुठेतरी जायचा. मित्रांत चकाट्या पिटायला जात असेल, अशी मास्तरांची खात्री होती.

मास्तर निघताना बायकोनं त्यांना दारातच अडवलं. "आयुष्यभर त्याला पाडलंत," ती म्हणाली. "आज एकदा तरी त्याच्या बाजूनं उभे राहा."

एक नंबर वाजवून गेला. बेसूर नव्हता, यापलीकडे काही सांगण्यासारखं नव्हतं.

दोन नंबरनं सुरुवात केली आणि बाईंनी पेन खाली ठेवलं. पाहुणे टेकून बसले होते, ते पुढे सरकले. मधला लांब सूर कधी सुरू झाला ते कळलंच नाही. धक्का नाही, श्वास नाही. तो होताच, आपल्याला आत्ता ऐकू आला, असं वाटलं. मास्तरांचे डोळे भरले. इतक्या वर्षांत असं वाजवणारा त्यांच्या हातून एकही घडला नव्हता. त्यांना हेवा वाटला, वाजवणाऱ्याचा नाही, त्याच्या बापाचा. काय भाग्य घेऊन आला असेल तो माणूस!

मग तीन नंबर. वाजवणं नीटनेटकं होतं, घोटलेलं होतं. लांब सूर जवळ आला तशी मास्तरांनी खुर्चीची कड घट्ट धरली.

सूंऽऽ.

पडद्याआडून श्वास स्पष्ट ऐकू आला. पोरानं सराव केला होता बिचाऱ्यानं. खोड तेवढी गेली नव्हती.

तिघे टेबलाभोवती बसले.

"बोलायचं काय त्यात? दोन नंबर," बाई म्हणाल्या.

"मला तीन बरा वाटला," पाहुणे म्हणाले. "शिस्तीत वाजवतो. पण मी हट्ट धरणार नाही. मास्तरांचा कान म्हणेल ते खरं."

दोन नंबर म्हणावं आणि घरी जावं, एवढं सोपं होतं ते. पण घरी जाऊन बायकोला तोंड कसं दाखवायचं? आणि पोराला?

"दोन नंबर एकट्यानं वाजवणारा आहे," ते म्हणाले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. "वाद्यवृंदात मिसळणार नाही तो. बाकीच्यांना गिळून टाकेल. आपल्याला तीन नंबर हवा."

बाईंनी खाली ठेवलेलं पेन उचललं. "हे तुम्ही म्हणताय म्हणून, मास्तर," त्या शेवटी म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

मास्तरांनीही सही केली. चाळीस वर्षांची अब्रू त्यांनी त्या सहीत ओतली होती. एका गुणी पोराचा गळा आपण कापला, हे त्यांना कळत होतं. हे आपल्याला मरेपर्यंत छळणार, हेही कळत होतं. छळू दे, ते मनाशी म्हणाले. आपल्या पोराचं तरी भलं झालं.

संचालकांनी तिन्ही उमेदवारांना रंगमंचावर बोलावून घेतलं. "निवड झाली आहे, तीन नंबर," त्यांनी जाहीर केलं आणि पडदा बाजूला करायची खूण केली.

तीन नंबरचा बिल्ला लावलेली मुलगी तोंडावर हात धरून रडत होती. खाली मास्तर दिसले तशी ती त्यांच्या शिकवणीत शिरताना वाकायची तशीच वाकली, आणि तिच्या शेजारी, छातीवर दोन नंबरचा बिल्ला लावून, त्यांचा मुलगा तिच्यासाठी टाळ्या वाजवत होता.