भाचीचं मशीन

"भाचीला घरी कॉफीचं मशीन घ्यायचंय," असं लिव्हिओनं सांगितल्यावर कॉफी-बारवाल्या नेरेओनं काउंटरवरची गर्दी बाजूला ठेवून त्याला सगळं शिकवलं. दुधाला फेस आणणारी वाफेची नळी कशी पारखायची, कुठलं मशीन नुसतंच दिखाऊ, सगळं. इटलीतल्या त्रिएस्तेच्या त्या बारमध्ये लिव्हिओ एकवीस वर्षं रोज सकाळी उभ्याउभ्या कापुचिनो पीत आला होता. भाची वगैरे कुणी नव्हतीच. मशीन त्याच्याच ओट्यावर येऊन बसलं.

कापुचिनो घरीच होऊ लागली; आता बारवरून जाताना तोंड कुठं लपवायचं? एक दिवस नेरेओनं गाठलंच, तेव्हा लिव्हिओनं ठोकून दिलं, "डॉक्टरांनी कॉफी बंद केलीये रे माझी."

"अरे देवा! आणि हे आत्ता सांगतोस होय गाढवा?" नेरेओचा चेहराच उतरला.

शनिवारी सकाळी बेल वाजली. चार जिने चढून नेरेओ दारात धापा टाकत उभा, हातात झाकलेला पेला. "बार्ली भाजून केलेली, नावालाच कॉफी आहे. हिला डॉक्टरचा बापही नाही म्हणणार नाही. घे."

लिव्हिओच्या ओठांवर फेस होता. दुसऱ्या कपासाठी सोडलेली वाफ घाईत बंद करायची राहिली होती आणि आत नळी दुधात बुडून चिरकत होती. नेरेओनं क्षणभर कान दिला, पेला त्याच्या हातात ठेवला आणि जिन्याकडे वळला.

 

"भाचीला सांग, नळी जरा वर धरायची. दूध करपतंय."