दिवाळीनंतर बघू

ब्याण्णव साली सगुणानं प्रवेशपरीक्षा दिली. मार्क अमेरिकेतल्या कॉलेजांना कधी पाठवायचे असं विचारलं, की बाबा एवढंच म्हणायचे, "दिवाळीनंतर बघू." दिवाळीआधी बाबाच गेले.

दहाव्याला कल्याणच्या खाडीवर कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. "बाय, तुझ्या मार्कांतच जीव अडकलाय दादाचा," काका कुजबुजले. सगुणानं हात जोडले. "बाबा, आजच पाठवते." कावळा फांदीवरून हललासुद्धा नाही.

मग तिनं डोळे मिटले आणि ओठही न हलवता, मनातल्या मनात म्हटलं, 'बरं, नाही पाठवत. इथंच राहते.'

कावळा झपकन पिंडावर उतरला.


काका डोळे पुसत म्हणाले, "बघ बाय, तू जावंस हीच इच्छा होती त्याची!"