चार मोजून शाब्बास

कोंडूच्या पत्राला इनायत सरांनी कधी उत्तर दिलं नव्हतं, आणि आता तोच कोंडू त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. भाज्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवरची ती सरबताची टपरी गावकऱ्यांनीच दाखवली होती. लिंबं पिळत होती ती त्याची लेक सुषमा. कडेवर मूल होतं. कोंडूचे डोळे काचबिंदूने गेले होते.

सरांनी ठरवलं होतं, नाव सांगायचं नाही. एक सरबत प्यायचं, दोघं बरी आहेत एवढं पाहायचं आणि लोणावळ्याला परतायचं.

"साखर कमी घाला," एवढंच ते म्हणाले.

कोंडूची मान वर झाली. "पुन्यांदा बोला बरं."

सर खिशातले सुटे पैसे मोजू लागले.

"सुषे, ह्ये टीव्हीतलं सर हायेत. रविवारचं."

"मनावर घेऊ नका," सुषमा गिऱ्हाइकाकडे न बघताच म्हणाली. "परवा पोस्टमनला आमदार म्हनला आबा." मग तिने वर पाहिलं आणि तिचा हात लिंबावरच थांबला.

शाळा बंद होत्या त्या वर्षी शनिवार-रविवारी सकाळी टीव्हीवर आठवी ते दहावीच्या मुलांसाठी विज्ञानाचे पाठ लागत. ते इनायत सर शिकवत. आयुष्यभर वर्गात खाली मान घालून बोललेला माणूस. आपल्याला का निवडलं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. स्टुडिओत समोर एकही मूल नसे. निर्मात्याची सूचना होती, प्रश्न विचारायचा, मनात चार मोजायचे, मग हसून म्हणायचं, "बरोबर. शाब्बास."

मळवली स्टेशनाजवळ इर्शादच्या चहाच्या दुकानात टीव्ही होता. कोंडू डोंगरावरच्या वाडीतून लेकीला घेऊन तिथे येई. सर प्रश्न विचारत, सुषमा उत्तर देई, सर शाब्बास म्हणत. त्याच दुकानात इर्शादची लेक रुमाईसा मोबाईलवर शाळा करायची. तिचं बोलणं तिच्या बाईंना ऐकू जाई, हे कोंडूने डोळ्यांनी पाहिलं होतं. एवढ्याशा मोबाईलमधून ऐकू जातं, तर एवढ्या मोठ्या टीव्हीतून का नाही जाणार?

भावकीचं म्हणणं होतं, नववी झाली, आता पोरीचं लग्न लावून टाक. कोंडूने पत्रात दोनच ओळी मागितल्या होत्या. पोर हुशार आहे. मी स्वतः ऐकलंय. टीव्हीतल्या सरांचा कागद दाखवला की भावकी गप बसेल, असं त्याने लिहवून घेतलं होतं.

सरांनी तेव्हा पेन हातात घेतलं होतं. ऐकलंय, असं लिहिणं खोटं होतं. ऐकलं नाही, असं लिहिलं असतं तर त्या मुलीची शाळा त्यांच्याच हाताने सुटली असती. त्यांनी काहीच लिहिलं नाही. निदान खोटं तरी लिहिलं नाही, असं ते पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले.

"सर, राग न्हाई बरं का," कोंडू म्हणाला. त्याने चाचपत सरांचा हात धरला. "तुमी शिकल्याली मानसं. उगं कायबी लिवून देनार न्हाई. एकच इचारतो. पोर कुटं चुकायची?"

सरांना प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तेव्हा त्यांनी सवयीने मनात चार मोजले. कोंडू मान वर करून थांबला होता. चार मोजून झाले, तरी तो थांबलाच होता.

"आबा, हात सोड. सरांची गाडी चुकंल," सुषमा म्हणाली.

वळणापर्यंत ती त्यांच्यासोबत आली. मूल आता झोपलं होतं.

"टीव्हीतल्या मानसाला ऐकू येत न्हाई, ह्ये मला ठावं होतं, सर. पर आबाला बोलले न्हाई. त्यो कुनाचं ऐकत नव्हता, तुमच्या शाब्बासकीच्या जोरावर लग्नाला न्हाईच म्हनायचा. तुमचं पत्र आलं न्हाई, तवा चुलतं हसलं. आबा हसला न्हाई. रातीला मला म्हनला, सर खोटं लिवायचं न्हाईत गं, तूच चुकत असशील. मग त्यो लग्नाला हो म्हनला."

"तू त्याला नंतर तरी सांगायचंस."

"काय सांगू? सर शाब्बास म्हनायचं ते कुनालाच न्हाई, असं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "ते पत्र कुणी लिहिलं होतं?"

"मीच की. आबा सांगत गेला, मी लिवत गेले."

"आणि उत्तर आलं असतं, तर वाचून कुणी दाखवलं असतं?"

"मीच." ती जराशी हसली. "आमच्यात दुसरं हाय कोन वाचनारं?"

दुसऱ्या दिवशी सरांनी लोणावळ्याच्या पोस्टातून एक कार्ड घेतलं. पाकीट घेतलं नाही. वाटेत ज्याच्या ज्याच्या हाती पडेल, त्याने वाचावं. तिथेच काउंटरला टेकून त्यांनी लिहिलं, "कोंडूभाऊ, उत्तराला फार उशीर झाला, तो दोष माझा. सुषमाची सगळी उत्तरं मी स्वतः ऐकली आहेत. ती कुठेच चुकत नव्हती."

इतकं धडधडीत खोटं त्यांनी जन्मात लिहिलं नव्हतं.

पेटीपाशी आल्यावर ते थांबले. कार्डावर खाली थोडी जागा उरली होती. पेटीवरच कार्ड धरून त्यांनी आणखी एक ओळ लिहिली आणि मग ते आत टाकलं.

"हे जिने आत्ता वाचून दाखवलं, तिला शाब्बास."