गाडीचा खांदा

गाडीच्या पडद्यावर बॅटरी संपत आल्याचं पिवळं कासव पुन्हा उमटलं. भुवनेश्वरने पाय दाबला, पण गाडीने दाद दिली नाही. मागून आलेल्या ट्रकने कानठळ्या बसतील असा भोंगा वाजवला आणि तो बाजूने निघून गेला.

"शक्ती कमी आहे. गाडी सुरक्षित जागी थांबवा," गाडीतली बाई गोड आवाजात म्हणाली.

"तूच थांब! तुह्या कंपनीले आग लागो!" तो ओरडला. बाईने तेच पुन्हा सांगितलं, तितक्याच गोडव्यानं.

फुलचूर अजून कोसभर दूर होतं. मागे चोरखमाऱ्याकडच्या गावांतलं दूध कॅनमध्ये भरलेलं होतं आणि वर श्रावण सरतीचं चिकट ऊन. तिथल्या दूध थंड करायच्या केंद्रावरच्या साहेबानं बजावून ठेवलं होतं की एकदा जरी दूध नासलं, तर हे काम घनश्यामच्या डिझेल गाडीला जाईल. आणि भुवनेश्वरचं घर याच कामावर चाललेलं. शेत वाट्यानं दिलं होतं, बैल विकले होते. उरली होती ती ही विजेची पिकअप.

निघतानाच पडद्यावर आकडा फार कमी दिसला होता. पण रात्रभर चार्जिंगची वायर लावलेली होती, जेवून आल्यावर अंधारात त्यानं आपल्या हातानं लावली होती. पडदाच खोटं बोलतोय म्हणून तो निघाला. आता गाडी रांगत रांगत मोहाच्या झाडाखाली गेली आणि तिथंच बसली.

त्यानं हेल्पलाइनवरच्या पोरीला नाही नाही ते ऐकवलं. टायरला लाथ मारली, अंगठा ठेचला, मग अंगठ्यावरही चिडला. कॅनवर ओली पोती टाकत बसला. पोळ्याचा दिवस. ज्याला त्याला बैल सजवायची घाई, मदतीला धावणार कोण? शेवटी धावला तो घनश्याम, साहेबानं पाठवलेला. त्यानं कॅन आपल्या गाडीत चढवले. टोमणा मारला नाही, नुसता हसला. त्या हसण्यानं भुवनेश्वरच्या अंगाची लाही लाही झाली. थोड्या वेळानं साहेबाचा फोन आला. दोन कॅनमधलं दूध फाटलं होतं.

"उद्यापासून घनश्यामच येईल," साहेब म्हणाला. "तुमचं नंतर पाहू."

नंतर पाहू म्हणजे काय, हे न कळण्याइतका भुवनेश्वर दूधखुळा नव्हता.

मग सर्व्हिसवाला गुड्डू जीप घेऊन आला. बिचाऱ्यानं अर्धी शिवीगाळ मान खाली घालून ऐकली आणि चार्जिंगची वायर लावतात तिथलं झाकण उघडलं.

"भैया, ये क्या है? इथं कोणी तूप टाकलं का?"

भुवनेश्वरनं बोट घातलं. बोट पिवळं होऊन बाहेर आलं. त्यानं वास घेतला. तूप आणि हळद.

"चार्जिंग होईल कहाँसे?" गुड्डू म्हणाला. "पूरा मुँहच लिंपून ठेवलं."

काल खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्यावर, जिथं जू घासतं तिथं, पळसाच्या पानानं तूप-हळद चोळतात. काल जेवताना बापाची बोटं पिवळी होती. वरणानं झाली असतील, असं त्याला वाटलं होतं.

कंपनीवरचा सगळा राग तिथल्या तिथं पत्ता बदलून घराकडे निघाला. गुड्डूनं गाडी टोचन करून गावात आणली. वाटभर भुवनेश्वर दात खात होता. बापाला काय काय बोलायचं ते त्यानं मनात तीन-तीनदा घोकलं.

म्हातारा नत्थूलाल अंगणात बसला होता. गाडी उभी राहते त्या जागेकडे तोंड करून, पुढ्यात पुरणपोळीचं ताट झाकून.

"कोनं सांगितलं होतं तुले?" भुवनेश्वर गरजला. जन्मभर तो बापाला 'तुमी' म्हणत आला होता. आज 'तुले' निघालं आणि त्यानं ते मागं घेतलं नाही. "काम गेलं ना माह्या हातचं! यंत्र हाये थे, यंत्र! त्याचा खांदा कायले शेकला?"

"राबते तं खांदा दुखत असन त्याचा," म्हातारा म्हणाला. "तू रोज जिथं जुपतं, तिथं शेकला. अन् आवतन देल्लं. उद्या जेवाले ये म्हटलं."

"लोखंडाले आवतन? लाज वाट्टे मले! गाव हासन!"

नत्थूलाल ताट घेऊन उठला.

"गेल्या साली बैलायले देल्लं होतं आवतन, ह्याच अंगनात," तो म्हणाला. "अन् पोळ्याच्या सकाळी तू त्यायले उपाशीच नेऊन इकलं."

पोराला बाजूला सारून तो गाडीपाशी गेला आणि ताट तिच्यापुढे ठेवलं.

"यंदाचं तरी जेवाले घरी आलं."