बोटावरचा शेंदूर

शामला आली तेव्हा तिचे केस ओलेच होते. कॅरमच्या फायनलला जेमतेम दहा मिनिटं उरली होती.

"काहून वं, इतका उशीर काहून?" भैय्याजींनी विचारलं.

"बस चुकली."

कोराडीची बस म्हणजे देवाच्या भरवशाची. भैय्याजींनी खिशातून टेकडीच्या गणपतीच्या शेंदराची पुडी काढली. गेली सहा वर्षं प्रत्येक मॅचआधी ते तिच्या स्ट्रायकर मारायच्या बोटाला शेंदूर लावत. आज तिनं हात मागे घेतला.

"आज नको, भैय्याजी."

बायकांची अडचण असेल, असं समजून त्यांनी पुडी खिशात टाकली. उगाच पुढे केली म्हणून त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

भैय्याजी नावाला कॅरम शिकवत. खरं शिकवत ते लक्ष. शामला सरावाला बसली की मागे रेडिओ लावायचे, थाळ्या आपटायचे, उगाच कोणाशी भांडण उकरून काढायचे. "घर जळून राहिलं तरी तुले राणीच दिसली पाहिजे," हे त्यांचं पालुपद. आणि मॅच चालू असताना खेळाडूसाठी आलेला कोणताही निरोप आधी त्यांच्याकडे यायचा, हा नियम.

आज जिंकली तर शामलाला कोराडीच्या वीज केंद्रात खेळाडू म्हणून नोकरी होती. आई कधीच गेलेली, धाकट्या दोघी बहिणी शाळेत. वडील वामनराव तिथूनच रिटायर होऊन दम्यानं अंथरुणाला खिळलेले. महिनाअखेर क्वार्टर सोडायचं होतं. नोकरी लागली तरच ते राहणार होतं.

दोन वाजून गेल्यावर, तिसऱ्या बोर्डाला, शेजारच्या भागीरथाबाईंची चिठ्ठी आली. 'वामनराव गेले. पोरीले लवकर पाठवा.'

भैय्याजींनी ती दोनदा वाचली. सांगावं तर पोरीचं घर जातं, न सांगावं तर बाप गेलेली पोर सोंगट्या मारत बसते. माणसानं करावं तरी काय? त्यांनी चिठ्ठी खिशात कोंबली. तास-दीड तास त्यांना बोर्ड धड दिसला नाही.

शामलानं शेवटच्या बोर्डाला राणी घेतली, कव्हर केली. बोट जरासुद्धा हललं नाही. टाळ्या पडल्या. तिनं हाताची पावडर पदराला पुसली.

भैय्याजी तिला बाहेर घेऊन गेले. त्यांना रडू आवरेना.

"पोरी, पाप केलं मी. तुहे बाबा गेल्याची चिठ्ठी आली होती. मॅच संपेपर्यंत दाबून ठेवली."

खिशातल्या शेंदरानं चिठ्ठी लाल झाली होती. शामलानं ती उघडली नाही.

"भागीरथाकाकूले दोन वाजेपर्यंत थांबा म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "सकाळी चहा घेऊन गेली, तवाच बाबा थंडे होते."